बर्फ, ऊन पाणी आणि हक्काची सुटी

वैशाखात जळगावचा पारा पंचेचाळिसाकडे सरकत असताना बर्फाविषयी बोलणे म्हणजे उपाशी माणसापुढे पुरणपोळीचे वर्णन करण्यासारखे आहे, हे आम्ही जाणतो. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम निवडला. सहली काढणाऱ्या मंडळींची जी रंगीत माहितीपत्रके हल्ली हाती पडतात, त्यांत एक नवा प्रकार दिसू लागला आहे. हिवाळ्यात जपानला जायचे, दिवसा वाटाड्याबरोबर भुसभुशीत बर्फावरून स्कीच्या फळ्या पायाला बांधून घसरत यायचे, आणि संध्याकाळी ऊन पाण्याच्या झऱ्यात बसून अंग शेकायचे. मधूनमधून देवळे, चहाचा समारंभ, गावची जत्रा. हे वाचून कोणी म्हणतो, 'श्रीमंतांचे चोचले!' कोणी उसासा टाकून म्हणतो, 'आपल्याला कधी जमायचे?' आमच्या मते दोन्ही उद्गार अपुरे आहेत. या सहलीच्या पोटात तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही आपल्या कामाच्या आहेत: निसर्गाचे यंत्र कसे चालते, दहाजणांची सामाईक वस्तू कशी सांभाळावी, आणि विश्रांतीवर हक्क कोणाचा.

जपानला आम्ही गेलेलो नाही. आमचे शिक्षण जिनिंगच्या आवारात आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. पुढे जे सांगतो ते वाचून, ताडून आणि जाऊन आलेल्यांना विचारून.

प्रथम बर्फ. जपानच्या पश्चिमेला जपानचा समुद्र आणि त्याच्या पलीकडे सैबेरिया. हिवाळ्यात सैबेरियावरून अतिथंड, कोरडे वारे जपानकडे वाहू लागतात. वाटेतला समुद्र त्या मानाने ऊबदार असतो, कारण दक्षिणेकडून त्सुशिमा नावाचा उष्ण प्रवाह त्यात येतो. वारे या पाण्यावरून जाताना बाष्प पितात, किनाऱ्यालगतच्या डोंगरांवर चढतात, चढताना आणखी गार होतात आणि पोटातले बाष्प बर्फाच्या रूपाने तेथेच टाकतात. हे यंत्र खानदेशच्या माणसाला नवे नाही. आपल्याकडे मोसमी वारे अरबी समुद्रावरून येतात, सह्याद्रीवर चढतात आणि महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस ओततात. घाट उतरून धुळ्याला येईतो त्यांची झोळी जवळजवळ रिकामी झालेली असते; आपल्या वाट्याला सहाशेच्या आसपास येतो. जपानचेही तसेच आहे. पश्चिमेकडची गावे बर्फात गाडलेली असतात, तेव्हा डोंगरापलीकडे तोक्योमध्ये कोरडे, स्वच्छ ऊन पडलेले असते. पर्जन्यछायेचा हिशेब धरला तर हिवाळ्यातले तोक्यो म्हणजे जपानचे धुळे म्हणायला हरकत नाही.

उत्तरेकडील होक्काइदो बेटावर निसेको नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथे एका हंगामात चौदा-पंधरा मीटर बर्फ पडतो. तो एकदम साठत नाही. पडतो, दबतो, पुन्हा पडतो. पण बेरीज केली तर चार मजली इमारत झाकली जावी. शिवाय थंडी कडक असल्यामुळे हा बर्फ कोरडा असतो. मूठ आवळली तर त्याचा गोळा होत नाही, फुंकर मारली तर उडतो. जिनिंगमध्ये काम केलेल्या माणसाला आम्ही एका वाक्यात सांगू: ताजा कोरडा बर्फ म्हणजे सरकी काढून नुकतीच बाहेर पडलेली मोकळी रुई, आणि जुना बर्फ म्हणजे प्रेसमध्ये दाबून बांधलेली गाठ. मोकळ्या रुईत कापसापेक्षा हवाच जास्त. तसाच या बर्फाच्या ढिगातही नव्वद टक्क्यांहून अधिक भाग हवेचा असतो. माणूस नुसता पाय ठेवील तर कमरेपर्यंत रुतेल. पायाखाली लांबरुंद फळ्या असल्या म्हणजे वजन पसरते आणि तो त्या रुईवर तरंगल्यासारखा खाली येतो. सारी मौज या तरंगण्यात आहे. पडला तरी फारसे लागत नाही.

ही विद्या जपानची मूळची नव्हे. १९११ च्या जानेवारीत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या लष्करातील मेजर थिओडोर फॉन लेर्ख याने ताकादा येथील जपानी पलटणीला स्की शिकवली आणि तेथून ती पसरली. पुढे १९७२ साली साप्पोरो येथे आणि १९९८ साली नागानो येथे हिवाळी ऑलिंपिक सामने भरले. म्हणजे लष्करी गरजेतून आलेली वस्तू साठ वर्षांत लोकांच्या करमणुकीची झाली. आपल्याकडेही काश्मिरात गुलमर्गला आणि उत्तराखंडात औलीला हा खेळ चालतो.

आता वाटाड्या. माहितीपत्रकात तो सामान उचलणाऱ्या गड्यासारखा कोपऱ्यात उभा असतो. प्रत्यक्षात तो या सहलीचा कणा आहे. डोंगरावर बर्फ थरांनी साठतो. एखादा थर भुसभुशीत राहिला आणि त्यावर वाऱ्याने आणलेला जड थर बसला, तर वरचा थर खालच्याला नीट चिकटत नाही. अशा उतारावर एका माणसाचे वजनही पुरते. सारा कडा सरकतो आणि खाली येतो. यालाच हिमलोट म्हणतात. वाटाड्या सकाळी बर्फात खड्डा खणून थर तपासतो, वारा आणि उताराचा कोन पाहतो, आणि कोणत्या बाजूने जायचे व कोणत्या बाजूला फिरकायचेही नाही हे ठरवतो. निसेकोत तर नियमच आहे की राखलेल्या मैदानाबाहेर जायचे ते ठराविक दारांतूनच. दार बंद म्हणजे बंद. दोरीखालून वाकून जायचे नाही.

पण या व्यवस्थेतली खरी शिकवण पुढे आहे. राखलेल्या मैदानाबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाजवळ तीन वस्तू हव्यात: ठिकाण कळवणारे छोटे बिनतारी यंत्र, बर्फात खुपसून पाहण्याची लांब सळई आणि फावडे. या वस्तू स्वतःला वाचवण्यासाठी नसतात. गाडला गेलेला माणूस आपल्याच फावड्याने बाहेर येत नाही. पहिल्या पाव तासात बाहेर काढलेले बहुतेक जगतात. त्यानंतर आशा झपाट्याने घटते. बाहेरची मदत एवढ्या वेळात पोचत नाही. म्हणून तुमचे फावडे शेजाऱ्यासाठी आणि शेजाऱ्याचे तुमच्यासाठी. संघटना म्हणजे काय, हे आम्ही तीस वर्षे गेटसभांतून सांगत आलो. इतका चोख दाखला आम्हाला क्वचितच सापडला.

एवढा बर्फ सहल करणाऱ्याला गोड वाटतो. तेथे राहणाऱ्याला तो पिढ्यान् पिढ्या संकटच वाटत आला. छपरावरचा बर्फ दर थोड्या दिवसांनी फावड्याने उतरवावा लागतो, नाही तर घर दबते. हिवाळाभर शेती बंद. मग या हिमप्रदेशातले शेतकरी हंगामी मजुरीसाठी दूर जात. त्याला त्यांच्याकडे 'देकासेगी' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर तोक्योतले रस्ते, बोगदे आणि इमारती उभारणाऱ्यांत असे हजारो शेतकरी होते. मागे बायका, मुले आणि म्हातारी माणसे. हे वर्णन ऐकून आमच्यातल्या कोणाला धडगाव-अक्कलकुव्याची आठवण होणार नाही? दिवाळी झाली की सातपुड्यातल्या पावरा-भिल्ल कुटुंबांचे बिऱ्हाड ट्रकवर चढते आणि ऊसतोडीसाठी गुजरातच्या नाही तर दक्षिणेकडच्या कारखान्यावर उतरते. फरक इतकाच की आपल्याकडे लेकरेही बरोबर जातात आणि शाळा मागे राहते.

स्कीचा खेळ वाढला तेव्हा या गावांपैकी काहींना हिवाळ्यात घरबसल्या काम मिळाले. नागानो प्रांतात हाकुबाच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी घरातल्याच खोल्या पाहुण्यांना दिल्या, घरचेच जेवण वाढले. या घरगुती उताऱ्याला 'मिन्शुकु' म्हणतात. हेही ध्यानात ठेवले पाहिजे की सगळीकडे असे गोड झाले नाही. निसेकोच्या परिसरात बाहेरचा पैसा आला, जमिनीचे भाव चढले, आणि हॉटेलात राबणाऱ्या कामगारालाच राहायला जागा मिळणे कठीण झाले. प्रवासी आल्याने गाव सुधारते हे अर्धेच खरे आहे. गावाची वस्तू गावाच्या हातात राहिली तर सुधारते, हे पूर्ण खरे आहे. याचा नमुना पाहायचा तर आता ऊन पाण्याकडे वळले पाहिजे.

जपानची भूमी ज्वालामुखींची. आज जागृत गणले जाणारे १११ ज्वालामुखी तेथे आहेत, आणि जमिनीखालच्या त्या भट्टीमुळे ऊन पाण्याचे सुमारे २७,००० उगम आहेत. अशा झऱ्याला आणि तेथल्या स्नानालाही 'ओन्सेन' म्हणतात. १९४८ साली तेथे ओन्सेनचा स्वतंत्र कायदा झाला. उगमापाशी पाणी निदान २५ अंश सेल्सिअस असावे, किंवा ठरवून दिलेल्या १९ द्रव्यांपैकी एखादे पुरेशा प्रमाणात असावे, म्हणजे ते ओन्सेन. ही व्याख्या जशीच्या तशी लावली तर आमच्या यावल-रावेरकडच्या कित्येक विहिरीही ओन्सेन ठरतील! थट्टा सोडून द्या. या कायद्यातले महत्त्वाचे कलम वेगळेच आहे. ऊन पाण्यासाठी नवी विहीर खणायची तर प्रांताच्या गव्हर्नरची परवानगी लागते, कारण एकाच्या बोअरने दुसऱ्याचा जुना झरा आटू शकतो. जमीन माझी म्हणून खालचे पाणीही माझे, हा न्याय तेथे चालत नाही.

स्नानाची रीतही समजून घेण्यासारखी आहे. पुरुषांचे दार वेगळे, बायकांचे वेगळे. दारावर कापडी पडदा. आत गेल्यावर सगळे कपडे काढून ठेवायचे. कुंडात लगेच उतरायचे नाही. भिंतीशी बुटकी चौरंगी आणि बादली असते; तेथे बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचे, साबणाचा कणही राहू द्यायचा नाही, आणि मग कुंडात हळूच शिरायचे. केस पाण्यात सोडायचे नाहीत, पंचा पाण्यात बुडवायचा नाही, पोहायचे नाही, पाणी उडवायचे नाही. थोडक्यात, कुंड हे मळ काढायचे ठिकाण नव्हे. मळ बाहेर काढून यायचे. आपल्यामागून येणाऱ्याला तेच पाणी वापरायचे आहे, ही जाणीव या एका नियमात साठवली आहे. आणि कपडे उतरले म्हणजे कारखानदार कोण आणि फिटर कोण हे कळत नाही, हा त्यातला आणखी एक फायदा.

अंगाला आराम का पडतो, तेही सांगतो. चाळीस-बेचाळीस अंशांच्या पाण्यात कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, रक्त मोकळे वाहते, आखडलेले स्नायू सैल पडतात. गळ्यापर्यंत पाण्यात बसले की पाणी आपल्याला उचलून धरते आणि अंगाचे वजन जेमतेम दहावा हिस्सा भरते. दिवसभर पोती वाहिलेल्या हमालाचे गुडघे त्या वेळी खरोखर सुटीवर जातात. मात्र हृदयविकाराच्या माणसाने डॉक्टरला विचारल्याशिवाय उतरू नये, आणि दारू पिऊन तर कोणीच उतरू नये.

आता ज्या गावासाठी हे सारे सांगत आलो त्या गावाकडे येऊ. नागानो प्रांतात नोझावा ओन्सेन नावाचे गाव आहे. वस्ती तीन-साडेतीन हजारांची. माहितीपत्रकातल्या तिन्ही गोष्टी, म्हणजे बर्फ, ऊन पाणी आणि लोकसंस्कृती, तेथे एकत्र नांदतात. १९२३ साली गावकऱ्यांनी स्कीचा क्लब काढला. १९९८ च्या ऑलिंपिकमधील एक स्पर्धा याच गावी झाली. १५ जानेवारीला तेथे आगीचा उत्सव होतो. लाकडांचा उंच मांडव रचतात. बेचाळीस वर्षांचे पुरुष त्यावर बसतात, पंचवीस वर्षांचे तरुण पायथ्याशी पहारा करतात, आणि बाकीचे गावकरी पेटत्या चुडी घेऊन तो जाळायला धावतात. ही दोन्ही वये त्यांच्याकडे अशुभ मानतात. आपल्या होळीचाच हा एक धाडसी भाऊबंद.

परंतु नोझावाचे खरे वैभव म्हणजे तेथली १३ सार्वजनिक स्नानगृहे. लाकडी, साधी, गल्लीगल्लीत वसलेली. तेथे तिकीट नाही. बाहेरचा माणूसही आत जाऊन स्नान करू शकतो. दाराशी पेटी असते, तीत ज्याने त्याने इच्छेप्रमाणे पैसे टाकावे. मग ही चालतात कशी? प्रत्येक स्नानगृहाभोवतालच्या घरांचा एक गट असतो. त्याला 'यु-नाकामा' म्हणतात, म्हणजे पाण्याचे सोबती. गटातल्या घरांनी पाळीपाळीने कुंड घासायचे, फरशी धुवायची, आणि दिव्याबत्तीचा व दुरुस्तीचा खर्च वाटून घ्यायचा. ही पद्धत तोकुगावांच्या राजवटीपासून, म्हणजे दीडशे वर्षांहून अधिक काळ चालत आली आहे. गावात एक उगम नव्वद अंशांच्या आसपास तापलेला आहे. तेथे स्नान नाही. गावच्या बायका पालेभाजी आणि अंडी त्यात उकडून नेतात, आणि तेथे फक्त गावकऱ्यांनीच जायचे असा नियम आहे. म्हणजे काय खुले आणि काय राखीव, हेही गावानेच ठरवले आहे.

'सार्वजनिक' या शब्दाचा आपल्याकडे 'कोणाचेच नव्हे' असा अर्थ होऊन बसला आहे. नोझावात त्याचा अर्थ 'आपल्या पाळीचे' असा आहे. झाडू कोणाच्या हातात आहे यावरून वस्तू कोणाची ते ठरते.

येथवर वाचून कोणाला वाटेल की जपान म्हणजे स्वर्ग. तसे नाही, आणि ऊन पाण्याच्याच इतिहासात त्याचा पुरावा आहे. गुन्मा प्रांतात कुसात्सु येथे फार कढत आणि तीव्र पाण्याचे झरे आहेत. लांब फळ्यांनी गाणी म्हणत पाणी ढवळून ते निववतात, कारण गार पाणी ओतले तर गुण पातळ होतो अशी त्यांची समजूत. एर्विन बेल्त्स या जर्मन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या पाण्याची कीर्ती पसरवली. त्वचेच्या रोगांवर गुण येतो म्हणून कुष्ठरोगीही तेथे येत आणि गावाच्या एका भागात त्यांची वस्ती होती. पुढे सरकारने कुष्ठरोग्यांना सक्तीने वेगळे काढण्याचे धोरण धरले. १९३२ साली कुसात्सुलाच सरकारी वसाहत झाली, आणि १९३८ ते १९४७ या काळात तेथे 'बेशिस्त' रोग्यांसाठी अंधारकोठड्या होत्या. बर्फाच्या त्या मुलखात शेकोटीवाचून ९३ माणसे तेथे कोंडली गेली. त्यांतली २३ मेली. औषधे निघाली, रोग बरा होऊ लागला, तरी वेगळे काढण्याचा कायदा १९९६ पर्यंत टिकला. २००१ साली कुमामोतोच्या न्यायालयाने सरकारला दोषी ठरवले. तरीही २००३ साली त्याच प्रांतातल्या एका ओन्सेनच्या हॉटेलाने बरे झालेल्या माणसांना उतरायला जागा नाकारली. त्यावर देशभर काहूर उठले.

आम्ही यावरून जपानला नावे ठेवायला निघालेलो नाही. आमच्याकडेही १८९८ चा कुष्ठरोग्यांचा कायदा केंद्राच्या पुस्तकात २०१६ पर्यंत होता. आणि पाण्यापाशी माणसाला अडवण्याची विद्या तर आम्ही कोणाकडून शिकलो नाही. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. अमळनेरला शिक्षक असलेल्या साने गुरुजींना १९४७ साली पंढरपूरच्या विठोबाचे दार सर्वांना उघडावे म्हणून उपोषण करावे लागले. सामाईक वस्तू सांभाळण्याची जितकी गरज, तितकीच ती खरोखर सर्वांची आहे ना, हे पाहण्याची. नाही तर पाळी लावणारा गट उद्या दार लावणारा गट होतो.

हे सारे मनात ठेवून आता आपल्या घरचा झरा पाहा. चोपडा तालुक्यात अडावदच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे. दगडी गायमुखातून बारा महिने ऊन पाण्याची धार पडते, कुंडात साठते, आणि थंडीच्या दिवसांत स्नानाला लोकांची रीघ लागते. त्याच तालुक्यात सुनपदेव आणि नाझरदेव हे आणखी दोन झरे. तिकडे शहादे तालुक्यातही उनपदेव आहे. १९९८ पर्यंत तो धुळे जिल्ह्यात होता, आता नंदुरबारात. १८८० च्या खानदेश गॅझेटियरात या झऱ्यांची नोंद आहे. म्हणजे खानदेशाने ओन्सेनसाठी कोणापुढे हात पसरण्याचे कारण नाही.

मात्र आपल्याकडे ज्वालामुखी नाही. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो केव्हाच निवला. मग पाणी ऊन कसे? जमिनीत जसजसे खोल जावे तसतशी उष्णता वाढते, साधारण दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंश. नर्मदा आणि तापी यांच्या पट्ट्यात भूकवचाला लांबच लांब भेगा आहेत. सातपुड्यावर पडलेल्या पावसाचा काही अंश या भेगांतून खोल उतरतो, तापतो, आणि दुसऱ्या भेगेने वर येतो. गायमुखातून आज पडणारे पाणी केव्हातरी जंगलावर पडलेला पाऊसच आहे. तेव्हा झरा राखायचा म्हणजे कुंडाला फरशी बसवून भागत नाही; वरचे जंगल राखावे लागते आणि खालचा उपसा आवरावा लागतो. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात भूजल किती खोल गेले आहे हे आपल्यापैकी शेतकऱ्यांना सांगायला नको.

उनपदेवची कथा सर्वांना ठाऊक आहे. शरभंग ऋषींना कोड-कुष्ठासारखी व्याधी होती. वनवासातल्या रामाने बाण मारला, ऊन पाणी उसळले, आणि त्या स्नानाने ऋषी बरे झाले. पाण्याने कुष्ठरोग बरा होत नाही. त्यावर आज औषध आहे आणि ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. उलट ज्याच्या हातापायांची संवेदना गेली आहे त्याला कढत पाण्याने भाजते आणि कळतही नाही. पण या कथेत एक अर्थ आहे, तो आम्हाला औषधाहून मोठा वाटतो. ज्याला लोकांनी दूर बसवले असते, त्याच्यासाठीच हा झरा निघाला. कुसात्सुला जे झाले त्याच्या नेमके उलट आपल्या पूर्वजांनी कथेत सांगून ठेवले आहे. कथेला जागायचे की नाही हे आपण ठरवायचे.

शेवटी सुटी. एका वाटाघाटीत मालकाच्या बाजूने बसलेले गृहस्थ आम्हाला म्हणाले, "सुटी घेऊन तुमचे लोक करतात काय? गावी जाऊन शेतातच राबतात ना?" हे खोटे नव्हते. कामगाराची हक्काची रजा पेरणीत जाते, बहिणीच्या लग्नात जाते, आईच्या आजारपणात जाते. म्हणूनच ती वाढली पाहिजे, असे आम्ही उत्तर दिले. ही रजा कोणी मेहेरबानीने दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना जमवून झगडा केला, तेव्हा १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी ठरली. १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस भरणाऱ्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. २०२० च्या श्रमसंहितेत ती अट १८० दिवसांवर आणली आहे. १९४८ सालीच संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला. त्याच्या चोविसाव्या कलमात विश्रांती आणि पगारी सुटी हा प्रत्येक माणसाचा हक्क म्हटला आहे.

आणि विश्रांतीची कला इतकी वाढवणाऱ्या जपानलाही हे शिकावे लागले. अति कामाने येणाऱ्या मरणाला त्यांच्या भाषेत 'कारोशी' असा स्वतंत्र शब्द आहे. रजा होती, पण कामगार ती घेत नसत. घेणारा आळशी ठरे. अखेर २०१९ च्या एप्रिलपासून कायद्याने मालकावरच जबाबदारी टाकली की कामगाराला वर्षात निदान पाच दिवस पगारी रजा प्रत्यक्ष घ्यायला लावावी. झरे सत्तावीस हजार असले तरी हातात वेळ नसेल तर त्यांचा उपयोग काय?

ज्यांना ऐपत आहे त्यांनी जपानला अवश्य जावे, बर्फात घसरावे, वाटाड्याचे ऐकावे, आणि कुंडात उतरण्यापूर्वी अंग धुवावे. बाकीच्यांसाठी आमची सूचना साधी आहे. जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक युनियनने, पतपेढीने, महिला मंडळाने पौष-माघात एका रविवारी सहकुटुंब उनपदेवला जावे. बायकांना सोयीची आडोशाची जागा आहे ना, हे आधी पाहावे. नसेल तर ग्रामपंचायतीकडे मागणी करावी. साबण कुंडाबाहेर लावावा. जेवणाच्या पत्रावळी परत आणाव्या. आणि निघण्यापूर्वी, तेथील गावकऱ्यांना विचारून, दहा जणांनी मिळून कुंडाचा परिसर झाडून काढावा. पहिल्या वर्षी लोक हसतील. तिसऱ्या वर्षी पाळी कोणाची, यावरून वाद होतील. आणि असे वाद मिटवण्याची आम्हा युनियनवाल्यांना चांगली सवय आहे.